टोपी फिरवली, असे मित्र म्हणतात

वाचकाचे पत्र

मी कोल्हापूरचा, वय एकेचाळीस. कॉलेजात असल्यापासून मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा चाहता आहे. आम्ही सात-आठ मित्र रात्री जागून सामने पाहतो. हॅरी मॅग्वायर या बचावपटूवर मी गेल्या काही वर्षांत जेवढे तोंडसुख घेतले, तेवढे आमच्यात कोणीच घेतले नसेल. त्याच्या किमतीवर, धावण्यावर, अगदी चेहऱ्यावरही मी लिहिले. आता मात्र तो मला आवडू लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्याच अॅनफिल्ड मैदानावर विजयी गोल केला तेव्हा मी उठून नाचलो. त्यावर मित्र म्हणाले, 'टोपी फिरवलीस.' तेव्हापासून प्रत्येक सामन्याला ते माझे जुने मेसेज मोठ्याने वाचून दाखवतात. माझे आधीचे मत चुकीचे होते की आताचे? की मी नुसता निकालामागे धावणारा माणूस आहे? जाता जाता एक सांगतो. माझा सतरा वर्षांचा भाचा पेठेतल्या मुलांच्या संघात बॅकला, म्हणजे बचावफळीत, खेळतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून स्वयंगोल झाला, तेव्हापासून घरात आम्ही त्याला 'मॅग्वायर' म्हणतो. परवा मी त्याला म्हणालो, 'आता हे नाव कौतुकाचे झाले बघ.' तो काही न बोलता उठून गेला.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

आधी मित्रांचा आरोप घेऊ, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. स्वतःच्या फायद्यासाठी जो पक्ष बदलतो त्याला आपण टोपी फिरवणारा म्हणतो. तुम्ही पक्ष बदललेलाच नाही. युनायटेड हरत असताना तुम्ही रात्री जागत होता आणि २०२४-२५ मध्ये हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर घसरला, तेव्हाही जागतच होता. बदलले ते एका खेळाडूविषयीचे मत. खेळाडूविषयीचे मत दर आठवड्याला नव्याने तपासायचे असते, म्हणून तर आपण सामना पाहतो. २०२० मध्ये जे मत होते तेच २०२५ मध्येही जसेच्या तसे असेल, तर मधल्या पाच वर्षांत तुम्ही मैदानाकडे पाहिलेच नाही असे मी म्हटले असते.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे. आधीचे मत चूक होते का? माझ्या मते त्यातला एक भाग बरोबर होता आणि तो मागे घेण्याचे काहीच कारण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लेस्टरकडून मॅग्वायरला घेताना युनायटेडने ८ कोटी पौंड मोजले. तोवर जगात कोणत्याही बचावपटूसाठी एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. लेस्टरमध्ये बचावाची फळी बरीच मागे राहत असे, त्यामुळे त्याच्या पाठीमागे मोकळी जागा फारशी उरत नसे. समोरून येणाऱ्या चेंडूवर हेडर मारणे, चेंडू पायात घेऊन स्वतः पुढे जाणे, लांबचा पास देणे ही त्याची बलस्थाने त्या रचनेत उठून दिसली. २०१८ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने हेडरवर केलेला गोल तुम्हाला आठवत असेल. युनायटेडमध्ये २०२२ साली आलेले प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना मात्र बचावाची फळी मैदानाच्या मध्याकडे ओढायची होती. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याने पाठीमागे चेंडू टाकला की बॅकला जागच्या जागी वळून आपल्याच गोलकडे धाव घ्यावी लागते. सहा फूट चार इंच उंचीचा, वळायला वेळ घेणारा हा माणूस तिथे उघडा पडत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये युनायटेडने हंगामातले पहिले दोन्ही सामने गमावले, त्यातला दुसरा ब्रेंटफर्डविरुद्ध ४-० असा. पुढच्या सामन्यात मॅग्वायरला बाकावर बसवण्यात आले आणि लिव्हरपूलला २-१ ने हरवले. तेव्हा तुम्ही 'हा या पद्धतीत बसत नाही' असे म्हटले असेल, तर ते खेळ समजणाऱ्या माणसाचे म्हणणे होते.

आता यातलाच पुढचा भाग पाहा, कारण तो मित्रांनाही ठाऊक असायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरीम प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तीन सेंटर बॅकची, म्हणजे मधल्या तीन बचावपटूंची, रचना आणली. तिघांच्या मधोमध उभे राहणाऱ्या बॅकला बाजूच्या मोकळ्या जागेत धावत जावे लागत नाही. ते काम दोन्ही बाजूचे सोबती करतात आणि मधला माणूस चेंडूकडे तोंड करून उभा राहतो. मॅग्वायर या जागेवर खेळू लागला तेव्हा तो पूर्वीपेक्षा वेगवान झालेला नव्हता. त्याला जे जमते ते काम त्याच्याकडे आले. म्हणजे तुमची २०२२ मधली तक्रार आणि २०२५ मधले कौतुक एकमेकांना खोटे पाडत नाहीत, कारण दोन्ही वेळी तुम्ही वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत होता. कामाची वाटणी चुकली की दोष माणसाच्या माथी मारला जातो, हे आपण कचेरीत आणि कारखान्यात रोज पाहतो. फुटबॉलमध्ये ते पाहायला हजारो लोक तिकीट काढून येतात, एवढाच फरक.

मात्र तुमच्या ज्या मेसेजचा मित्र आता उद्धार करतात, त्यांत बचावाची फळी आणि पाठीमागची जागा यांची चर्चा असेल असे मला वाटत नाही. तुम्हीच लिहिले आहे की किंमत आणि चेहरा हे तुमचे विषय होते. किंमत मॅग्वायरने ठरवली नव्हती, ती दोन क्लबांच्या अधिकाऱ्यांनी ठरवली. संघात येऊन सहा महिने होतात न होतात तोच, जानेवारी २०२० मध्ये, त्याला कर्णधार केले तेही क्लबनेच. कित्येक वर्षांच्या ढिसाळ खरेदीचे खापर फोडायला एक ठळक डोके हवे होते आणि ते त्याचे सापडले. तुमच्या जुन्या मतातला हा भाग चुकीचा होता, आणि तसे तुम्ही स्पष्ट म्हणावे असे मला वाटते. चेहऱ्याबद्दल जे लिहिले ते तर मतच नव्हते.

ही थट्टा कुठवर गेली ते एकदा सलग पाहा. मार्च २०२२ मध्ये वेम्बलीवर इंग्लंड आणि आयव्हरी कोस्ट यांच्यातल्या मैत्रीपूर्ण सामन्याआधी खेळाडूंची नावे पुकारली जात होती. मॅग्वायरचे नाव येताच त्याच्याच देशाच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चेंडूला अजून पाय लागलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याच्या घरी बॉम्ब असल्याची धमकी आली आणि पोलिसांना घराची तपासणी करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर तो मध्यंतरानंतर बदली खेळाडू म्हणून उतरला. त्याने चेंडूला स्पर्श केला की स्कॉटलंडचे प्रेक्षक खोटा जल्लोष करत होते, आणि त्यातच त्याच्याकडून स्वयंगोल झाला. इंग्लंडने सामना ३-१ असा जिंकला, तरी चर्चा झाली ती त्या एका स्वयंगोलाची. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी त्याची बाजू घेतली आणि दोष स्कॉटिश प्रेक्षकांना न देता इंग्लंडमधल्या टीकाकारांना दिला. त्याच्या आईने जाहीरपणे लिहिले की मुलाची अशी अवहेलना पाहणे आपल्याला सोसवत नाही.

यातले काहीही तुम्ही केले नाही, हे मला माहीत आहे. कोल्हापुरातल्या एका गटात लिहिलेला विनोद मँचेस्टरला पोहोचतही नसेल. तरीही अशा थट्टेचा हिशेब कसा होतो ते पाहा. लिहिणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर येते आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्या वाट्याला पोते येते. शिवाय आपली चिमूट दूरवर पडत नाही, ती जवळच पडते. याकडे मी शेवटी येते.

तुम्ही निकालामागे धावणारे आहात का, याचे उत्तर तुमच्यापाशीच आहे. १८ एप्रिल २०२५ ची पहाट आठवा. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युरोपा लीगचा उपांत्यपूर्व सामना होता, समोर फ्रान्सचा लियाँ संघ, आणि सामना संपेपर्यंत आपल्याकडे तीन वाजले होते. पहिल्या लढतीत २-२ अशी बरोबरी झालेली. या सामन्यात दोन गोलांची आघाडी युनायटेडने घालवली, जादा वेळ सुरू झाला, दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या लियाँने आणखी दोन गोल केले आणि धावफलकावर २-४ दिसू लागले. अमोरीम यांनी मॅग्वायरला चक्क आघाडीवर पाठवले. ११४ व्या मिनिटाला ब्रुनो फर्नांडिसने पेनल्टीवर गोल केला, १२० व्या मिनिटाला कोबी मेनूने बरोबरी साधली. लगेच कासेमिरोने चेंडू उंचावरून आत टाकला, मॅग्वायर जागा हेरून उभाच होता, आणि त्याने तो डोक्याने कोपऱ्यात घातला. सामना ५-४, दोन्ही लढती मिळून ७-६. तो गोल पाहताना मी शेजारची झोपमोड होईल हे विसरून ओरडले होते, तेव्हा तुमचे काय झाले असेल ते मी समजू शकते. अॅनफिल्डवरचा गोलही तसाच, ८४ व्या मिनिटाला, ब्रुनोच्याच क्रॉसवर. जानेवारी २०१६ नंतर लीगमध्ये युनायटेड तिथे प्रथमच जिंकला.

पण या दोन हेडरनीच तुमचे मत बदलले असेल, तर ते मत कच्चे आहे असे मी म्हणेन. पुढच्या रविवारी त्याच्या हातून चूक झाली की ते पुन्हा उलटेल आणि मग मित्रांचा आरोप खरा ठरेल. स्वतःला विचारा की या दोन गोलांच्या दरम्यान आणि त्यांच्या आधी तुम्ही काय पाहिले. जुलै २०२३ मध्ये त्याचे कर्णधारपद काढून घेतले गेले. ऑगस्टमध्ये वेस्ट हॅमने ३ कोटी पौंडांचा प्रस्ताव दिला, युनायटेडने तो मान्यही केला आणि नंतर तो व्यवहार फिसकटला. त्यात पैशाचाही मुद्दा होता असे तेव्हा छापून आले होते, म्हणून याला कोणी त्यागाची कथा करू नये. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. जिथे आपण नको आहोत हे सगळ्या जगाला कळले आहे, तिथे तो रोज सरावाला जात राहिला. शरद ऋतूत इतर बचावपटू दुखापतींनी बाहेर गेले, तेव्हा तो तयार होता. ऑक्टोबरच्या अखेरीस युनायटेडचे थोर माजी खेळाडू बॉबी चार्ल्टन यांच्या निधनानंतर ओल्ड ट्रॅफर्डवर पहिला सामना झाला, तो कोपनहेगनविरुद्ध. त्या सामन्यातला एकमेव गोल मॅग्वायरचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने त्याला महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांकडे पाहून तुमचे मत बदलत गेले असेल, तर पुढच्या चुकीने ते डळमळणार नाही.

आर्सेनलच्या ग्रानिट झाकाचे उदाहरण या बाबतीत मला अधिक शिकवून गेले. २७ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याला मैदानाबाहेर बोलावले तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तो हळूहळू चालत बाहेर आला, कानाला हात लावून त्यांना डिवचले, जर्सी काढली आणि तडक आत निघून गेला. काही दिवसांत कर्णधारपद गेले. तिथे चूक दोन्ही बाजूंची होती. त्या नात्यात एका रात्रीत सारे विसरायला लावणारा गोल कधी आलाच नाही. साडेतीन वर्षे साधे, रोजचे सामने खेळत ते सुधारत गेले. मे २०२३ मध्ये आर्सेनलसाठीच्या अखेरच्या सामन्यात त्याने वुल्व्हजविरुद्ध दोन गोल केले, तेव्हा त्याच स्टेडियममधले लोक त्याला जाऊ नकोस म्हणत होते. पुढच्या हंगामात तो लेव्हरकुसेनमध्ये होता आणि त्या संघाने एकही सामना न गमावता जर्मनीची लीग जिंकली.

आता माफीबद्दल. घानाच्या संसदेत २०२२ मध्ये आयझॅक अडोंगो या विरोधी खासदारांनी उपराष्ट्राध्यक्ष महामुदु बावुमिया यांची तुलना मॅग्वायरशी केली. अर्थव्यवस्था सांभाळायला उभे केलेले हे गृहस्थ आपल्याच गोलमध्ये चेंडू मारतात, असा त्यांचा रोख होता. वर्षभराने मॅग्वायर पुन्हा चमकू लागला तेव्हा याच खासदारांनी त्याच संसदेत त्याची माफी मागितली, आणि मॅग्वायरने ती हसत स्वीकारली. ही हकिकत सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते. मॅग्वायरने मोठेपणा दाखवला यात शंका नाही. पण ती माफीसुद्धा बावुमियांना पुन्हा टोमणा मारण्यासाठीच वापरली गेली. मॅग्वायर सुधारला, आमचा 'मॅग्वायर' मात्र अजून तसाच आहे, असा तिचा अर्थ होता. राजकारणात ते चालत असेल. घरात ते चालत नाही, आणि परवा तुम्ही भाच्याशी नेमके हेच केले.

तुम्ही 'जाता जाता' म्हणून लिहिलेल्या त्या तीन-चार वाक्यांसाठीच हे पत्र मी निवडले. पंधरा वर्षांच्या मुलाच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला. बॅकला खेळणाऱ्याच्या आयुष्यात हे कधी ना कधी होतेच, कारण गोलच्या तोंडाशी आलेल्या चेंडूला पाय घालणे हेच त्याचे काम असते. जो आडवा जातच नाही, त्याच्याकडून स्वयंगोल होत नाही. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेच्या इभ्रतीचा विषय आहे, हे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. मैदानावरचे बोलणे तो मुलगा कसाबसा झेलून घरी आला असेल, आणि घरी मामाने त्याला एक नाव देऊन ठेवले. दोन वर्षे ते नाव जेवताना, पाहुण्यांसमोर, कदाचित त्याच्या मित्रांसमोरही वापरले गेले. त्याने कधी तक्रार केली नाही म्हणून त्याला लागले नाही असे तुम्ही धरून चाललात. मग एके दिवशी तुम्ही सांगितले की नाव आता कौतुकाचे झाले. त्याच्या कानांनी ते ऐकून पाहा. मँचेस्टरच्या माणसाने अॅनफिल्डवर गोल केला म्हणून त्याची सुटका झाली, असा त्याचा अर्थ होतो. या दोन वर्षांत तो स्वतः किती सामने खेळला आणि कसा खेळला, याचा त्यात उल्लेखही नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. मित्रांना एकदाच सांगा की तो त्या पद्धतीत बसत नव्हता हे माझे म्हणणे बरोबर होते, किमतीबद्दल आणि चेहऱ्याबद्दल मी लिहिले ते चूक होते, आणि आता तो मला आवडतो. त्यानंतर त्यांनी जुने मेसेज वाचले तर वाचू द्यावेत, कारण ते तुम्हीच लिहिले आहेत. त्यावर पुन्हा वाद घालू नका.

भाच्याशी मात्र वेळ काढून बोला, आणि तेही चौघांत नको. सामना पाहताना नको, जेवायच्या पाटावर तर नकोच. बोलताना मॅग्वायरचे उदाहरण देऊ नका. 'बघ, तोसुद्धा सुधारला' हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, पण ते गिळा, कारण त्यात 'तूही सुधारशील' असे दडलेले आहे आणि त्याच्यात काही बिघडले होते हे तुम्ही पुन्हा ठरवून टाकता. फक्त एवढेच म्हणा की त्या दिवशी तू आडवा गेलास ते योग्यच होते, मी तुला नाव ठेवले ते चुकले, यापुढे ते नाव माझ्या तोंडून येणार नाही. त्याने लगेच काही बोलावे अशी अपेक्षा ठेवू नका. तो पुन्हा उठून गेला तर जाऊ द्या. तुमच्या बहिणीलाही सांगा आणि घरातल्या लहान मुलांनाही, कारण असे नाव एकाने सोडले तरी दुसऱ्याच्या तोंडी राहते.

आणि त्याच्या पुढच्या सामन्याला जा. चेंडू जिथे असेल तिथे सगळे पाहतील, तुम्ही बॅककडे पाहा. चेंडू दूर असताना तो कुठे उभा राहतो, शेजारच्या बॅकला आवाज देतो का, पाठीमागची जागा तोडायला एक पाऊल आधी सरकतो का, हे टिपा. मॅग्वायरबद्दल बोलताना तुम्ही जी जाण पणाला लावू शकला असता, ती इथे लावा. घरी येताना त्यातली एखादी नेमकी गोष्ट त्याला सांगा, त्या सामन्यातली, मिनिटासकट. चुकली असेल तर तीही सांगा. सतरा वर्षांच्या खेळाडूला, आपला खेळ कोणीतरी नीट पाहिला हे चटकन कळते.

सामन्याचा निकाल काय लागला, ते मला कळवले नाहीत तरी चालेल. तो कुठे उभा राहतो ते मात्र जरूर कळवा.